दोन बंदरांतला एकच मासा

प्रिय खारू,

हे पत्र ज्यांनी तुझ्या हातात दिलं त्यांना आधी बसायला खुर्ची दे. चहा घेणार का, असं विचारू नकोस, सरळ करून दे. विचारलंस तर नको म्हणतील. ते कोण ते मी सांगणारच आहे, पण माझ्या पद्धतीने, म्हणजे तुझी आई म्हणायची तसा गावाला वळसा घालून. त्यांच्याजवळ एक पत्र्याचा डबा आहे. तो पत्र संपेपर्यंत उघडायचा नाही. लहानपणी कुठलाही डबा दिसला की तुझे हात शिवशिवायचे, म्हणून तर खारूताई नाव पडलं तुझं. आज तेवढं ऐक माझं.

खरं म्हणजे हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. रविवारी तुझा फोन आला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू इतक्या खुशीत होतीस की मी नुसता 'छान, छान' करत राहिलो आणि फोन ठेवल्यावर बाहेर पायरीवर जाऊन बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, मुलीने कौतुक केलंय, त्याचा त्रास होतोय. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. त्यांनी दोन केळी आणून दिली आणि माझ्यासमोर उभं राहून मला ती खायला लावली.

तू काय म्हणालीस ते पुन्हा लिहितो, म्हणजे म्हाताऱ्याला नीट कळलंय की नाही ते तुला तपासता येईल. तुमच्या शीतगृहाच्या तळाशी माझ्या एकोणतीस वर्षांपूर्वीच्या कुप्या सापडल्या. दोनशे. शंभरांवर आपल्या बंदराचं नाव, शंभरांवर उत्तरेच्या खाडीचं. प्रत्येकीत माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा, स्पिरिटमध्ये बुडवलेला. तो अजून शाबूत आहे, त्यातला डीएनए तुझ्या नव्या यंत्राला स्वच्छ वाचता आला, आणि 'बाबा, तुमच्यासारखं काम आता कोणी करत नाही' असं तुझे मोठे साहेबसुद्धा म्हणाले. तर त्या वाचनात असं निघालं की तेव्हाचा आपल्याकडचा मासा आणि तेव्हाचा खाडीचा मासा यांत काडीचाही फरक नाही. आज खाडीत जे थोडे मासे उरलेत ते मात्र जरासे वेगळे दिसतात. तुमचं म्हणणं, मुळातच वेगळे असते तर जुन्या कुप्यांत फरक दिसला असता. तो नाही, म्हणजे मासा पूर्वापार एकच. आता संख्या घटली म्हणून वेगळेपणा आल्यासारखा वाटतो, चार घरांच्या वस्तीत सगळ्यांची नाकं सारखी दिसायला लागतात तसा. म्हणून चौदा तारखेच्या बैठकीत तू उभी राहून सांगणार की आपलं बंदर आणि खाडी यांच्या मधल्या त्या कातळाच्या टोकावर समुद्रात वेगळी रेघ मारायची गरज नाही. खाडीवाल्यांचा अर्ज आहे की अंडी घालायच्या दिवसांत मोठे ट्रॉलर आत सोडू नका, आमचा मासा आमचाच आहे, हा उरलेला गेला तर बाहेरून दुसरा यायचा नाही. तो अर्ज तुझ्या एका वाक्यावर फेटाळला जाणार. तुला त्यांच्यासाठी वाईट वाटत होतं, तेही म्हणालीस. पण लगेच म्हणालीस, नमुना खोटं बोलत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना बाबा.

आणि मग जाता जाता ती गंमत सांगितलीस. खाडीची एक कुपी आणि आपल्या बंदराची एक कुपी, दोन्हींत तोच मासा. भाऊ नव्हे, जुळा नव्हे, तोच. अशा तीन जोड्या निघाल्या. एकच मासा दोन बंदरांत कसा विकला गेला, असं म्हणून तू हसलीस. प्रयोगशाळेत कुठेतरी एका कुपीचा शिंतोडा दुसरीत उडाला असेल, या सहा कुप्या मी वगळून टाकते, म्हणालीस. खारू, वगळू नकोस. शिंतोडा उडालेला नाही.

माझी नोकरी तुला माहीत आहे, पण जेवढी मी सांगितली तेवढी. कागदावर मी क्षेत्र सहायक होतो, बंदरावर कात्रीवाला. होड्या लागल्या की गमबूट घालून लिलावाच्या शेडमध्ये उभं राहायचं, बोली सुरू व्हायच्या आत टोपल्यांतले मासे मोजपट्टीवर घ्यायचे, लांबी लिहायची, पराचा तुकडा कापून कुपीत टाकायचा. व्यापारी मागून ओरडायचे, कात्रीवाले, मासा विकायचाय, त्याला जावई नाही करून घ्यायचं! मी लक्ष द्यायचो नाही. एक तुकडा कापला की कात्री धुवायची, पुसायची, मगच दुसऱ्या माशाला लावायची, नाहीतर आधीच्याचा अंश पुढच्याला चिकटतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची आणि कुपीच्या आत टाकायची, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि बाहेरून चिकटवलेला कागद गळून पडतो. तुला हे मी पाचव्या वर्षी शिकवलं होतं. शाळेत बाईंनी विचारलं, जास्त काय टिकतं, पेनाचं अक्षर की पेन्सिलीचं? तू ठणकावून पेन्सिलीचं म्हणालीस आणि तुझा मार्क गेला. मी शाळेत भांडायला गेलो होतो. बाईंना कुपीच दाखवायला नेली होती, तिच्या वासाने त्यांना मळमळलं आणि मार्क परत मिळाला.

आता खाडीकडे येतो. आपल्या बंदरापासून बसने पाच तास, कातळाच्या टोकाला पूर्ण वळसा घालून. तिथे मोठे ट्रॉलर नव्हते, सगळ्या छोट्या होड्या. त्यांतल्या एकीच्या मालकाला सगळे मिशाळ म्हणायचे. मिशी अशी की चहाचा पहिला घोट तीच प्यायची. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मासळीबद्दल मला जे काही खरं कळलं ते त्याच्याकडून. तो सांगायचा, वर्षभर तुमचा मासा आणि आमचा मासा बाहेरच्या समुद्रात एकत्र चरतात, तेव्हा कोण कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. लग्नात जेवताना दोन्हीकडचे पाहुणे एकमेकांत मिसळून बसतात ना, तसं. कोण कोणाच्या घरचा ते जेवणं उरकून माणसं घराकडे निघतात तेव्हा कळतं. आमचा मासा थंडी उतरायला लागली की अंडी घालायला खाडीत येतो. पंधरा दिवस, फार तर अठरा. तुमचा येत नाही. तेव्हा या आणि तेव्हा कापा, म्हणायचा. खाडीचा मासा मानेत आखूड असतो असंही त्याचं म्हणणं होतं. मी हसायचो. माशाला मान कुठे असते, विचारायचो. तो म्हणायचा, असते, तुम्ही शेपटाकडून बघता म्हणून दिसत नाही.

त्या टोकावर तेव्हा रेघ होती. नकाशावरचीच, पण पाळली जायची: दक्षिणेच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या ट्रॉलरनी टोकाच्या पलीकडे जायचं नाही. ट्रॉलरवाले मागे लागले होते की मासा एकच, मग समुद्राच्या वाटण्या कशाला, पुसा ती रेघ. तेव्हा आमच्या मोठ्या साहेबांनी तपासणी ठरवली. अंडी घालायच्या पंधरवड्यात आपल्या बंदरात शंभर मासे कापायचे, खाडीत शंभर कापायचे, आणि दोन्हींत फरक निघतो का ते बघायचं. कापायचं काम माझं एकट्याचं. तू तेव्हा सात महिन्यांची होतीस.

पुढची गोष्ट तुला पाठ आहे, कारण तुझी मावशी ती जमेल तिथे सांगते. तुला न्यूमोनिया झाला, दवाखान्यात ठेवलं, आणि बाबा आठ दिवस तुझ्या उशापासून हलले नाहीत. या गोष्टीवर मी आयुष्यभर पोट भरलं आहे. तुझ्या लग्नातही मावशीने ती सांगितली, जावयाचे डोळे पाणावले आणि मी मान खाली घालून बसलो. सगळ्यांना वाटलं, काय हा माणूस, किती विनयी!

पहिले पाच दिवस खरे आहेत. त्या पाच दिवसांबद्दल मला आजही लिहिता येत नाही. तुझा श्वास वाजायचा आणि वाजायचा थांबला की त्याहून भीती वाटायची. पण सहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, धोका टळला. त्याच दुपारी तू औषधाचा चमचा भिरकावलास, तो नर्सच्या चष्म्यावर लागला, आणि तुझी आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. मला म्हणाली, जा आता, खाडीचे चारच दिवस उरलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी घेऊन बसस्थानकावर गेलो. बस उभी होती. खिडकीची जागासुद्धा मोकळी होती. वारा झोंबत होता, अंग मोडून आलं होतं, आणि मी चढलो नाही. एवढंच घडलं. तू आजारी होतीस म्हणून हे झालं असं चुकूनही मनात आणू नकोस. तू चमचे फेकत होतीस. मला कंटाळा आला, आणि त्या कंटाळ्यावर तुझ्या आजाराचं पांघरूण घालून मी तीस वर्षं झोपलो.

बसस्थानकावरून सरळ शेडमध्ये गेलो. दक्षिणेचा एक ट्रॉलर रिकामा होत होता. मनात म्हटलं, सगळे म्हणतात मासा एकच. साहेब म्हणतात, ट्रॉलरवाले म्हणतात, एक तो मिशाळ सोडला तर. मग जे उत्तर ठाऊकच आहे ते आणायला पाच तास जायचं आणि पाच तास यायचं कशाला? एकाच लॉटमधले मासे घेतले. एक आपल्या बंदराचा, एक खाडीचा, एक आपल्या बंदराचा, एक खाडीचा. दोनशे हवे होते. एकशे सत्त्याण्णव झाले आणि व्यापाऱ्याचा टेम्पो लागला. तीन कमी पडले. मग शेवटच्या तिघांचे दोन्ही बाजूंचे पर कापले, उजवा आपल्या बंदराच्या कुपीत, डावा खाडीच्या कुपीत. कात्री मात्र प्रत्येक वेळी धुतली. हसू नकोस. हात सवयीने प्रामाणिक होता, बाकीचा मी नव्हतो. संध्याकाळी येऊन पुन्हा तुझ्या उशाशी बसलो आणि तुझ्या आईला सांगितलं की मिशाळने मासे बसने पाठवले, मला जावंच लागलं नाही.

त्या वेळची यंत्रं आजच्यासारखी बारीक बघत नसत. तीन जोड्या कोणाच्या लक्षात आल्या नाहीत. अहवाल आला: फरक नाही. रेघ पुसली. पुढच्या थंडीत ट्रॉलर टोकाला वळसा घालून खाडीत शिरले, नेमके त्या अठरा दिवसांत, जेव्हा खाडीतला प्रत्येक मासा एका जागी गोळा होतो. पहिली दोन वर्षं शेडमध्ये टोपल्या मावेनात. साहेबांची वाहवा झाली. सातव्या वर्षी खाडीच्या होड्या रिकाम्या यायला लागल्या. आठव्या वर्षी त्या जाईनाशाच झाल्या. आणि रेघ पुसायचा आधार काय, तर शेडच्या ओल्या फरशीवर मी अर्ध्या दिवसात कापलेले तुकडे.

मिशाळ आपल्या घरी आला होता, ट्रॉलर पहिल्यांदा आत शिरले त्याच आठवड्यात. तू चालायला लागली होतीस. त्याने तुला मांडीवर घेतलं, तू त्याची मिशी दोन्ही हातांनी ओढलीस, आणि ती ओढ सहन करत त्याने मला विचारलं, कात्रीवाले, तुम्ही आलात तरी कधी? म्हणाला, मी रोज बसच्या वेळेला थांब्यावर जाऊन उभा राहायचो. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की मी येऊन गेलो आणि आमची चुकामूक झाली. आई आतून पाणी घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मी काहीतरी पुटपुटलो. तो पाणी प्याला, तुझा पापा घेतला आणि गेला. तुझी आई त्या दिवशी माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पिशवी भरलेली, तू कडेवर, आणि ती चपला घालून दारात उभी. मला म्हणाली, कुप्या घ्या.

आपण तिघं खाडीत तीन दिवस राहिलो. हे तुला कोणी कधी सांगितलं नाही, मावशीलाही माहीत नाही. मिशाळने स्वतःच्या जाळ्यातले मासे आणून दिले. तेव्हा त्याला सगळं कळलं असणार, मी न सांगता. मी धक्क्यावर बसून कापत होतो, तो एकेक मासा माझ्यापुढे धरत होता आणि प्रत्येक वेळी म्हणत होता, बघा मान. तुझी आई एका उपड्या खोक्यावर बसून चिठ्ठ्या लिहीत होती. तू तिच्या मांडीवर होतीस. शंभर तुकडे, सगळे खाडीतले, सगळे अंडी घालायच्या दिवसांतले. परत निघताना मिशाळ बसपर्यंत आला आणि म्हणाला, साहेबांच्या टेबलावर ठेवाल ना? मी म्हटलं, सोमवारी ठेवतो.

खारू, तो सोमवार आलाच नाही. त्याच महिन्यात मी नोकरीत कायम झालो. साहेबांना बढती मिळाली, ती त्याच अहवालावर. मी म्हटलं, ते जरा स्थिरावू देत. मग म्हटलं, नवे साहेब येऊ देत. मग म्हटलं, आता इतक्या उशिरा सांगून कोणाचं भलं होणार? भित्र्या माणसाला कारणांचा तुटवडा कधी पडत नाही. मिशाळने दोन वर्षं विचारलं आणि मग विचारणं सोडलं. पुढे त्याने होडी विकली आणि आपल्याच बंदरात बर्फाच्या कारखान्यात लागला. मिशी काढून टाकली. गार वाफेने ओली व्हायची म्हणे. तो दिसला की मी रस्ता बदलायचो. तू नाही बदलायचीस. शाळेतून येताना तुला रोज बर्फाचा तुकडा कोण द्यायचं, आठवतंय? तू घरी येऊन ओल्या हातांनी सांगायचीस, बर्फवाल्या काकांनी दिला. ते मिशाळ. ज्या माणसाची मी भाकरी काढून घेतली तो माझ्या मुलीला रोज हातात काहीतरी द्यायचा, आणि घरी एकदाही त्याचं नाव निघायचं नाही.

त्या शंभर कुप्यांचा डबा माळ्यावर होता. झाकण कितीही घट्ट लावलं तरी स्पिरिट उडतं, हे तुला सांगायला नको. दर वर्षी थंडी उतरायला लागली की तुझी आई डबा खाली काढायची, एकेक कुपी उघडायची आणि ड्रॉपरने भर घालायची. ड्रॉपर तुझ्याच न्यूमोनियातल्या औषधाचा होता. मी समोर पेपर वाचत बसायचो, एकच पान तासभर. ती कधी टाकून बोलली नाही, कधी कोणाला सांगितलं नाही. एकदाच म्हणाली, मी हे वाळू देणार नाही, पुढचं तुम्ही बघा. तिच्या शेवटच्या आजारपणात एका वर्षी भर घालायची राहिली, तेव्हा सहा कुप्या वाळल्या. ती गेल्यावर गेली सहा वर्षं मी घालतो आहे. म्हणजे चौऱ्याण्णव चांगल्या आहेत. तू फोनवर म्हणालीस ना, तुमच्यासारखं काम कोणी करत नाही? तिच्यासारखं कोणी करत नाही. माझ्यासारखं करणारे पुष्कळ आहेत.

या कुप्यांत काय निघेल ते मला माहीत नाही. कदाचित मिशाळचं खरं ठरेल. कदाचित मासा खरंच एकच निघेल, आणि मान वगैरे सगळे त्याच्या मनाचे खेळ ठरतील. जे निघेल ते सांग. माझ्यावर दया म्हणून नको, खाडीवर दया म्हणूनही नको. त्या जुन्या दोनशे कुप्यांतून मात्र खाडीबद्दल काहीच सांगू नकोस, कारण त्यांत खाडी नाहीच. मासा खोटं बोललेला नाही, चिठ्ठी खोटं बोलली, आणि ती माझ्या हातची होती.

मंगळवारी मी खाडीत गेलो. बस अजून पाच तासच घेते. मिशाळ आता लेकीकडे राहतो, कारखाना बंद पडल्यावर परत गेला. घराबाहेर बसला होता. मी डबा त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, त्याला माहीत होतं तेसुद्धा. मला वाटलं होतं, चार शिव्या देईल. त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने डब्यावर हात ठेवला आणि विचारलं, वहिनींनी वाळू दिलं नाही ना? मी रडलो, खारू. त्याच्या लेकीच्या अंगणात, कोंबड्यांच्या मधोमध, सहासष्ट वर्षांचा माणूस.

आता हे पत्र पोस्टाने का आलं नाही, ते. स्पिरिट पोस्टात घेत नाहीत, हे एक कारण, सांगायला सोपं. मी स्वतः डबा घेऊन येऊ शकलो असतो. पण मी समोर बसलो असतो तर तू माझा चेहरा बघून माझी बाजू घेतली असतीस. म्हणाली असतीस, बाबा, मी आजारी होते ना. मला ते ऐकायचं नव्हतं आणि तू ते म्हणायला नको होतंस. तुझ्यासमोर आज मी नसावा, ज्याचं गेलं तो असावा, आणि त्याच्याकडे बघून तू ठरवावंस, म्हणून मी मिशाळला विनंती केली आणि म्हातारा इतक्या लांब यायला तयार झाला. तुझ्या खुर्चीवर चहा घेऊन बसलेत ते तुझे बर्फवाले काका. चौदा तारखेला मी सकाळच्या गाडीने येतो. माशाचं तू सांग. कुप्यांचं मी सांगेन, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडाने, माझं पद आणि नाव सांगून. त्यानंतर तू माझ्याशी बोललीस तर बरं वाटेल. नाही बोललीस तरी तुझ्या आईचं न बोलणं मी सोसलेलं आहे, तुझंही सोसेन. आता डबा उघड, पण काकांना जवळ बोलावून उघड. चिठ्ठ्या पेन्सिलीच्या आहेत, अक्षर तुझ्या आईचं आहे. एकाहत्तर नंबरच्या चिठ्ठीवर एक वेडीवाकडी रेघ दिसेल. ती पुसू नकोस. त्या दिवशी धक्क्यावर तू आईच्या हातातली पेन्सिल ओढली होतीस.

तुझाच,
बाबा